पोरानं ‘शिक्षे’ लिहिलं, मी लाल गोल केला. चूक कुणाची?

पाटीवरची बाई

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पाचवीला शिकवते. गाव अगदी हद्दीवरचं. शाळेमागचा ओढा ओलांडला की कर्नाटक. निम्म्या पोरांच्या घरात कन्नड बोलतात, दुकानात दोन्ही, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती.

शनिवारी ‘माझी चूक’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका पोरानं लिहिलं: ‘मी टाकीचा नळ उघडा ठेवलो. सगळा पाणी गेला. बाईनी मला शिक्षे दिले नाही. सोमवारी परीक्षे आहे म्हणून घरी जा म्हणाले.’ लिंग-वचनाचा सत्यानाश बाजूला ठेवा, त्याची मला सवय आहे. मी ‘शिक्षे’ला लाल गोल केला, वर ‘शिक्षा’ लिहिलं. पोरगं वही घेऊन परत आलं आणि म्हणतं, “बाई, तुमीच काल म्हणलासा, शिक्षेला भ्यायचं न्हाई. मग शिक्षे हाय की नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे ‘सामान्यरूप’ (प्रत्यय लागताना शब्दाचं बदललेलं रूप) हा शब्द होता, पण तो पाचवीच्या पोराच्या तोंडावर फेकणं म्हणजे पुन्हा शिक्षाच.

त्याच दिवशी डोक्यात आणखी एक किडा शिरला. ऑफिसच्या भिंतीवर दोन कागद शेजारी-शेजारी आहेत. एकावर ‘समग्र शिक्षा’ (केंद्र सरकारची शाळांसाठीची योजना), दुसऱ्यावर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७: मुलांना शारीरिक शिक्षा करता येणार नाही. एकाच भिंतीवर सरकार एकीकडून शिक्षा द्या म्हणतंय, दुसरीकडून देऊ नका म्हणतंय. पूर्वीचं ‘सर्व शिक्षा अभियान’ आठवत असेल. पेन्सिलीवर बसलेली दोन पोरं आणि खाली ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’. तेव्हा आमच्या केंद्रातले गुरुजी म्हणायचे, सर्वांना शिक्षा आहे, फक्त मास्तरांना जरा जास्त. २०१८ मध्ये ‘सर्व’ जाऊन ‘समग्र’ आलं. जी काही थोडी सूट होती तीही गेली.

माझी नणंद भोपाळला असते. तिच्या मुलीचं वेळापत्रक सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. मंगळवार आणि शुक्रवार, शेवटचा तास: शारीरिक शिक्षा. सासूबाई गप्प बसल्या, मग रात्री मला फोन करून विचारतात, “तिकडं मारायचे वार आधीच ठरवून देतात का गं?”

तर प्रश्न असा. या शब्दाचा मूळ अर्थ कुठला, शिकणं की मार? हिंदी एका वाटेनं आणि आपण दुसऱ्या वाटेनं कधी-का गेलो? माझ्या माहितीत कन्नडमध्येही शिक्षे म्हणजे शिक्षाच, आपल्यासारखी. आणखी कुठल्या भाषेत हा शब्द काय करतो, कसा चालतो, ते ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. पोराला उत्तर द्यायचं आहे.

---

खडूस

सोप्पं आहे. छडी लागे छमछम, विद्या येई घमघम. आपल्याकडे दोन्ही एकाच दुकानात मिळायचं, म्हणून शब्दही एकच राहिला. धागा बंद करा.

---

वाईकर आजोबा

खडूस, दुकान इतक्यात बंद करू नका.

बाई, तुमच्या पोराला माझ्यातर्फे एक पेढा द्या. त्याचा प्रश्न व्याकरणाच्या अगदी नेमक्या शिरेवर बोट ठेवणारा आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

मूळ अर्थ मार नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ‘शिक्ष विद्योपादाने’ म्हटलंय, म्हणजे विद्या घेणे. त्याच्याही मागे गेलं तर हा ‘शक्’चा इच्छादर्शक आहे, पाणिनीच्या सूत्रातूनही शक्-चं ‘शिक्षति’ निघतं. जसं ज्ञा-पासून जिज्ञासा, पा-पासून पिपासा, तशी शक्-पासून शिक्षा. म्हणजे ‘आपल्याला जमावं अशी इच्छा’. शकणे आणि शिकणे हे एकाच घरातले. मी चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं. यापेक्षा चांगली शिक्षणाची व्याख्या मला कुठे सापडली नाही.

वेदांगांत, म्हणजे वेदांना पूरक शास्त्रांत, पहिलं नाव शिक्षेचंच. तिथे अर्थ आणखी अरुंद: उच्चारशास्त्र. तैत्तिरीय उपनिषदात ‘शीक्षां व्याख्यास्यामः’ असा दीर्घ ई घेऊन आरंभ आहे आणि पुढे वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान अशी सहा नावं येतात. त्यात छडी नाही. पाणिनीय शिक्षेत तर सांगितलंय की वाघीण आपली पिल्लं दातांत धरून नेते, पडू नयेत म्हणून घट्ट आणि दात लागू नयेत म्हणून हलकं; वर्ण तसे उच्चारावेत. माझे गुरुजी हा श्लोक सांगताना स्वतःचा पंचा दातांत धरून दाखवायचे. (त्यांची छडीही होती. पण ती वेगळी.)

मार येतो तो शेजारच्या ‘शास्’ धातूकडून. शिष्य, शास्त्र, शासन हे सगळे तिकडचे. ‘याला कडक शासन झालं पाहिजे’ असं आपण म्हणतो आणि मंत्रालयावरही ‘महाराष्ट्र शासन’च असतं, त्याचं कुणाला हसू येत नाही. शास्-मध्ये शिकवणं, हुकूम देणं, वठणीवर आणणं हे पहिल्यापासून एकत्र नांदतं. शिक्षा त्या शेजाराला लागून हळूहळू तिकडे झुकली, असं मला वाटतं. आणि झुकायला फार लांब जावं लागत नाही. ‘थांब, शिकवतो तुला’ असं म्हणणारा माणूस पाढे शिकवायला येत नसतो. माझी सून बंगाली आहे. तिच्या भाषेत शिक्खा म्हणजे सरळ शिक्षण, शिक्खामंत्री म्हणजे शिक्षणमंत्री. पण नातू सोफ्यावर शाई सांडतो तेव्हा ती त्याला ‘उचित शिक्खा’ देण्याची भाषा करते, आणि तेव्हा तिच्या हातात पुस्तक नसतं.

आता पोराचं. संस्कृतात शिक्षया, शिक्षायै, शिक्षायाः अशी वेगवेगळी रूपं होती. प्राकृतात ती सगळी ‘-आए’ या एका पिशवीत गेली, आणि तिथला ‘ए’ आपल्या सामान्यरूपात उरला. म्हणून शिक्षेला, शिक्षेचा, शाळेत, भाषेने. नुसता शब्द मात्र शिक्षाच, आणि अनेकवचनातही शिक्षाच: दोन शिक्षा भोगल्या. कन्नडनं संस्कृतातला शेवटचा आ घेतानाच ए करून घेतला: शाले, भाषे, परीक्षे, शिक्षे. तिथे तेच मूळ रूप, आणि त्याला प्रत्यय लागतात: शिक्षेगे, शिक्षेयन्नु. दोन ‘ए’ दोन वेगळ्या दारांनी आले आणि तुमच्या वर्गात एका बाकावर बसले.

गंमत म्हणजे कन्नड माणूस सीता, गंगा यांनाही सीते, गंगे म्हणतो. आपल्याला वाटतं तो तिला हाक मारतोय.

---

काचीगुडा

आमच्या तीन पिढ्या हैदराबादेत. तेलुगूत आणखी तिसरीच तऱ्हा. शेवटचा आ नुसता आखडतो: शिक्ष. अर्थ आपलाच, दंड. अनेकवचन शिक्षलु. पण ‘शिक्षण’ म्हणजे शिक्षण नाही! शिक्षण म्हणजे प्रशिक्षण. शिवणकाम, ड्रायव्हिंग, पोलीस भरती. शाळा-कॉलेजातलं ते ‘विद्य’. पुण्याहून आलेल्या माझ्या आतेभावानं ‘शिक्षण केंद्रम्’ अशी पाटी वाचून घेतली (इंग्रजी अक्षरांत होती) आणि पोरीच्या पहिलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आत गेला. आत बायका शिलाई मशीनवर बसलेल्या. त्यांनी विचारलं, वय किती? हा म्हणाला, साडेपाच.

मल्याळममध्येही शिक्ष म्हणजे दंडच. आणि त्यांच्याकडे त्याचं सरळ क्रियापद आहे, शिक्षिक्कुक. आपल्याला मात्र दरवेळी कुणाचा तरी हात धरावा लागतो: शिक्षा करणे, देणे, होणे, भोगणे, आणि कोर्टात गेलो की ठोठावणे. ‘ठोठावणे’ हे दार आणि शिक्षा या दोनच गोष्टींना का लागतं, यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.

---

खडूस

मग माझा सिद्धांत नंबर दोन. हिंदीत मार खायला फारसीतला ‘सज़ा’ आधीच हजर होता. ती खुर्ची भरलेली, म्हणून शिक्षा शाळेतच राहिली. आपल्याकडे आणि दक्षिणेत खुर्ची रिकामी, शिक्षा जाऊन बसली. आपल्याकडे सजा आहे पण ती तलाठ्याची. कसं काय?

---

मांडवीपलीकडे

खडूसभाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण गुजराती तुमची खुर्ची मोडते. माझा जन्म बडोद्याचा, घरात मराठी, बाहेर सगळं गुजराती. गुजरातीत सजा आहे आणि शिक्षाही आहे, आणि दोन्हींचा अर्थ दंड. शिकण्याला शिक्षण, आपल्यासारखंच. तेव्हा खुर्ची भरली म्हणून कुणी उभं राहिलं असं नाही, दोघं मांडीला मांडी लावून बसलेत.

पण त्याच गुजरातेत स्वामिनारायण संप्रदायाची शिक्षापत्री आहे. सहजानंद स्वामींनी वडतालला १८२६ मध्ये दिलेली, २१२ श्लोक, संस्कृतात. कसं उठावं, काय खावं, उधार-उसनवार साक्षीदाराशिवाय करू नये, असा उपदेश. आमच्या शेजारच्या बा रोज सकाळी ती वाचायच्या. मी लहानपणी आईला विचारलं होतं की बांनी असं काय केलंय की रोज शिक्षा वाचावी लागते. आईनं मला चिमटा काढला. म्हणजे शिक्षापत्री वाचल्याशिवाय शिक्षा झाली.

सांगायचं काय, तर जुना अर्थ मेलेला नाही. धर्माच्या कपाटात नीट घडी घालून ठेवलाय. चैतन्य महाप्रभूंचं ‘शिक्षाष्टक’ घ्या. मराठी माणसाला वाटेल आठ कलमं लागली.

---

वाईकर आजोबा

मांडवीपलीकडे, चिमट्याचा पुरावा मान्य!

खडूस यांच्या खुर्चीत थोडं तथ्य आहे मात्र, ती फक्त दुसरीकडे ठेवायला हवी. आपल्याकडे शिक्षा आणि शिक्षण असे दोन शब्द हाताशी होते. एक स्त्रीलिंगी, एक नपुंसक. कामं वाटून घेतली: तिच्याकडे दंड, त्याच्याकडे शाळा. मराठी, गुजराती, कन्नड तिघांनी हीच वाटणी केली. तेलुगूची वाटणी काचीगुडा यांनी सांगितलीच. हिंदीत शिक्षण पुल्लिंगी, आणि ते शिकवण्याच्या क्रियेपुरतं राहिलं. व्यवस्था, खातं, मंत्रालय हे सगळं शिक्षा. २०२० मध्ये दिल्लीत मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं नाव बदललं तेव्हा हिंदीत ते ‘शिक्षा मंत्रालय’ झालं आणि आपल्या वर्तमानपत्रांनी मुकाट ‘शिक्षण मंत्रालय’ छापलं. योजनेच्या नावाला मात्र ही सवलत मिळाली नाही, ते तसंच्या तसं बाईंच्या भिंतीवर आलं.

---

तेलपाणी

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर. आत्ता सुट्टीवर गुहागरला घरी आहे, त्यामुळे निवांत लिहितो.

आमच्या मागच्या जहाजावर इंजिन रूममधले बरेच जण इंडोनेशियाचे होते. प्युरिफायर रूममध्ये काम चाललेलं, घामाच्या धारा. आमचा ऑइलर सुराबायाचा. तो फडक्यानं तोंड पुसत म्हणाला, ‘पानास इनी मन्यिक्सा.’ पानास म्हणजे उकाडा हे मला माहीत होतं. पुढचं विचारलं तर त्यानं मूळ शब्द सांगितला: सिक्सा. अर्थ सांगताना त्यानं स्वतःचा गळा दाबून दाखवला. छळ, यातना. मी म्हटलं, अरे हा आमचा शब्द! मेसमध्ये जाऊन वहीत लिहून घेतलं, तेच इथे उतरवतो.

त्यांच्या भाषेत लिंग नाही, विभक्ती नाही. सगळी कामं पुढे-मागे जोड लावून होतात, आणि काही जोडांपुढे स मऊ होऊन न्य होतो. मन्यिक्सा म्हणजे छळणं. दिसिक्सा, छळलं जाणं. तरसिक्सा म्हणजे हाल-हाल होणं. पन्यिक्साआन म्हणजे छळाचा प्रकार, पोलिसांनी मारहाण केली वगैरे बातम्यांत येतो तो. मलेशियावाले सेक्सा म्हणतात. तिथे उच्चार जपून करावा हे माझं मत.

साध्या शिक्षेला, म्हणजे कोर्टाच्या, ते ‘हुकुमान’ म्हणतात. आपला हुकूम! आणि शिक्षकाला गुरू, अगदी गुरूच. म्हणजे गुरू संस्कृतातून तसाच राहिला आणि शिक्षा थेट छळछावणीत. आजोबांची वाघीण समुद्र ओलांडताना दात जरा जास्तच दाबून गेली.

---

खडूस

चला, माझी छमछम सुराबायापर्यंत पोहोचली.

---

चाओफ्राया

बँकॉकमधून. इथे अगदी उलट आहे हो. थाईमध्ये हा शब्द ‘सुक्सा’ होतो (तो उ जीभ मागे ओढून म्हणायचा, मला दहा वर्षांत जमलेला नाही), आणि अर्थ अभ्यास, शिकणं. शब्द कधीच बदलत नाही. पुढे ‘कान’ लावला की शिक्षण, ‘नाक’ लावला की विद्यार्थी: नाकसुक्सा. कॉलेजातल्या पोरांना म्हणतात. मला पहिल्या वर्षी नाक आणि कान दोन्ही एका शब्दाला लागतात म्हटल्यावर शब्द लगेच पाठ झाले. 😄

आणि तोच शब्द पालीच्या रस्त्यानं दुसऱ्यांदाही आलाय, सिक्खा. इथे मुलगे पावसाळ्यातले तीन महिने भिक्खू होऊन राहतात. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा परत आला तेव्हा त्यांनी ‘ला सिक्खा’ झालं म्हणून नारळाचे गोड पदार्थ वाटले. ला म्हणजे निरोप घेणं. सिक्खेचा निरोप, म्हणजे भिक्खूचे नियम सोडून घरी येणं. शिक्षा भोगून आला नव्हता, शिक्षा ठेवून आला होता.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बर्मी आहेत. त्यांच्या भाषेत हाच शब्द ‘थेइक्खा’, आणि त्याचा अर्थ इभ्रत, स्वतःची प्रतिष्ठा. पगाराची उचल मागताना त्या म्हणाल्या होत्या की मागायला थेइक्खा आड येते. तेव्हा मला शब्द ओळखू आला नव्हता. आज हा धागा वाचताना ट्यूब पेटली.

---

पणजेकार

गोंयांत आमी ‘ख्यास्त’ म्हणटात. कोर्टाची बी आनी मास्तराची बी. शिकपाक शिकप, शिक्षण. देखून आमचो घोळ जायना. बाय, तुमच्या भुरग्याक म्हजोय एक पेडो.

---

पाटीवरची बाई

बाप रे. रविवारी सकाळी चहा ठेवून धागा उघडला, दूध उतू गेलं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चाओफ्राया, तुमच्या मावशींचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

काल वर्गात काय झालं ते सांगते. फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे मराठी, एकीकडे कन्नड. शाळा–शाले, भाषा–भाषे, परीक्षा–परीक्षे, शिक्षा–शिक्षे. मग म्हटलं, आता याच्यापुढं ‘ला’ लावा. पोरांनी लावलं: शाळेला, भाषेला. कन्नडवाल्यांनी ‘गे’ लावलं: शालेगे, भाषेगे. मग मी विचारलं, मराठीतली शाळा कधी बदलली? मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “ला आल्यावर. पाव्हणा आला की आमची आई पण डोक्यावर पदर घेती.” सामान्यरूप यापेक्षा चांगलं मला शिकवता आलं नसतं. आमच्या नळवाल्यानं लगेच पुढचं विचारलं, “म्हंजे कन्नडमध्ये पाव्हणा येवो न येवो, पदर कायम?” हो बाबा, कायम.

त्याच्या वहीतला लाल गोल मी खोडला नाही. मराठीच्या पेपरात त्याला ‘शिक्षा’च लिहावं लागणार आहे. पण गोलाशेजारी हिरव्या पेननं ‘कन्नडमध्ये बरोबर’ असं लिहिलं. तो वही घेऊन शेजारच्याला दाखवत होता, एकाच शब्दाला दोन रंग म्हणून.

सासूबाईंनाही सांगितलं की हिंदीत शारीरिक शिक्षा म्हणजे कवायत, खेळ. त्या म्हणाल्या, “तेच ते. आमच्या वेळी कवायतीचे मास्तरच जास्त मारायचे.”

पेढे दोन झालेत, तिसरा कुणी जाहीर केला तर वाटणीचं भांडण लागेल. आता बसते. उद्या केंद्रप्रमुख येणार आहेत, यु-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती आज रात्रीत भरायची आहे, आणि गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते.

---

खडूस

समग्र शिक्षा.